घार शे का पतंग?

संक्रांतीची दुपार. मका काढून झालेलं वावर रिकामं होतं, धसकटं पायांना टोचत होती. शेजारच्या वाफ्यांत बाया उन्हाळ कांद्याची रोपं लावत होत्या. कळवणच्या दक्षिणेला धोडप किल्ला उभा होता. त्याच्या कातळभिंतीतली चौकोनी खाच उन्हात उघडी दिसत होती. वारा उत्तरेचा होता आणि माझ्या भाच्याच्या हातात एक कापडी पक्षी होता.

पंखांवर एकेक पीस छापलेलं, काठीला ताण बसला की टोकं वर वळणारी. पोटाखालच्या शिवणीत दोरा ओवला आणि भाच्याने पक्षी वाऱ्यावर सोडला. आधी तो लटपटला. मग दोन्ही पंख भरले, आणि माझ्या बोटांना एक जिवंत ओढ जाणवली.

रोपं लावणाऱ्या एका आजीने पाठ सरळ केली. “घार शे का पतंग?” तिने विचारलं.

तेवढ्यात खळ्यातली कोंबडी खर्जात ओरडली आणि तिची पिल्लं कडब्याखाली नाहीशी झाली. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन आणि कोनराड लोरेंझ यांनी १९३७ च्या सुमारास पुठ्ठ्याची एकच आकृती पक्ष्यांवरून फिरवून पाहिली होती. आखूड मान पुढे राहिली की ती ससाण्यासारखी, उलट ओढली की हंसासारखी; भीती ससाण्याची जास्त, असं त्यांना दिसलं. कडब्याखालची ती धडधडणारी पिल्लं पाहून मला ओशाळल्यासारखं झालं. आपला खेळ त्यांच्या आभाळातला काळ झाला होता.

थोड्या वेळाने खरी घार आली. गिरणा नदीच्या बाजूने, पंख न हलवता. कापडी पक्ष्याभोवती तिने दोन गिरक्या घेतल्या. दुभंगलेली शेपूट ती सुकाणूसारखी किंचित इकडे, किंचित तिकडे पिळत होती आणि तेवढ्यावर वळत होती. आमच्या पक्ष्याची शेपूट ताठ. त्याचं वळणं खालून, माझ्या मनगटातून जायचं. तिसरी गिरकी न घेता घार वर निघून गेली.

“मामा, ती का गेली?” भाच्याने विचारलं. मी आजीच्या प्रश्नात अडकलो होतो. संस्कृतात पतंग म्हणजे पक्षी; उडत जाणारा तो पतंग. सूर्यालाही तेच नाव. म्हणजे संक्रांतीला आपण ज्याच्यासाठी तीळगूळ वाटतो तो पतंग, दोऱ्यावरचा पतंग, आणि वर गेलेली ती घारही पतंगच. नाव एक, दोरा मात्र एकालाच.

त्या दोऱ्याचं ओझं मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी बांधावरच्या बाभळीत नायलॉनच्या मांज्यात अडकलेलं एक पाखरू मी उतरवलं होतं. पंख सुटला, पाखरू नाही वाचलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातलेला तो मांजा अजून फांद्यांवर चमकताना दिसतो. म्हणून आमचा दोरा साधा, सुती.

ऊन कलल्यावर आम्ही पक्षी खाली घेतला. भाचा दोरा गुंडाळत गेला. शेवटची हातभर दोरी धसकटात गुंतली होती, तीही त्याने वाकून सोडवून घेतली. कडब्याखालून पहिलं पिल्लू बाहेर आलं. खूप उंचावर घार अजून फिरत होती. माझ्या बोटावर दोऱ्याचा लाल वळ होता. आणि तिच्यापर्यंत काहीच जात नव्हतं, फक्त आमची नजर.