सहासष्टाचा भाव

दोस्तांनो, मागचा अंक तीन आठवडे उशिरा निघाला. मी तुम्हाला सांगितलं होतं, दुकानात कागद नाही. दुकानात कागद होता. माझ्याजवळ पैसे नव्हते. अंकाच्या वर्गणीचे २,३४० रुपये माझ्याकडे होते. त्यातले २,००० मी एका क्रिकेटच्या सामन्यावर लावले आणि घालवले.

हे सांगायला मला एक अंक जाऊ द्यावा लागला. आता सांगतोय ते सगळं सांगतो.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तिसऱ्या पाळीत तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं, परत तुटलेला जोडायचा. हात काम करतात आणि डोकं मोकळं असतं. मोकळ्या डोक्यात माणूस हिशेब करतो. पगार इतका, खोलीभाडं इतकं, आईच्या औषधाला इतके, धाकटीच्या फीला इतके. हा हिशेब कितीही वेळा मांडा, खाली घर येत नाही. दहा वर्षं पुढं नेला तरी येत नाही. मग माणूस असा हिशेब शोधतो ज्याच्या खाली घर येतं. तो एकच असतो. थोडे लावा आणि तीसपट, शंभरपट घ्या. आम्ही जुगाराकडं जातो ते हाव सुटली म्हणूनच जातो असं नाही. पगाराच्या बेरजेला कुठंच दार नसतं, म्हणूनही जातो.

माझा आजा हेच करायचा. तो परळच्या एका गिरणीत साच्यावर होता. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून गिरणगावाच्या अगदी शेजारी. एका बाजूला भोंगा, दुसऱ्या बाजूला घोडे. पगाराच्या आठवड्यात आजा रेसला जायचा. फेवरिट घोड्यावर तो कधी लावायचा नाही. म्हणायचा, "रुपायाला आठ आनं मिळवायला एवढ्या लांब कशाला जायाचं?" त्याला लांब भावाचा घोडा लागायचा, नाहीतर जॅकपॉट. जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या शर्यतींचे विजेते एकाच तिकिटावर बरोबर सांगायचे. एक घोडा चुकला की जॅकपॉट गेला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. चार महिने गेले, सहा महिने गेले. घरातली तांब्या-पितळेची भांडी एक एक करून मोडीत गेली. शेवटच्या हंड्याचे पैसे घेऊन आजा दाणे आणायला निघाला आणि महालक्ष्मीला पोचला. त्या दिवशी पहिले घोडे बरोबर आले होते म्हणे, शेवटचा चुकला. आजी मरेपर्यंत त्या हंड्याबद्दल बोलली नाही. पण घरात नवा हंडा आला की आधी त्यावर नाव घालून आणायची. लहानपणी मला वाटायचं, चोरीच्या भीतीनं. चोर घरातलाच होता हे मला फार उशिरा कळलं.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. दुर्बीण लावून, घोड्याचं खानदान वाचून मोठी माणसं लावतात ते कौशल्य. आमच्या गल्लीत चिठ्ठीवर आकडा लिहिणाऱ्याला मात्र १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. घोड्याला खानदान असतं, आकड्याला नसतं. पण म्हणून आकडा लावणारा क्रांतिकारक ठरत नाही. मीही ठरलो नाही.

माझी सुरुवात मोबाइलवर झाली. अकरा खेळाडू निवडायचे, थोडे रुपये भरायचे, पहिलं बक्षीस डोळे फिरतील एवढं. लाखो माणसं त्यात. मला दोनदा दीडशे-दोनशे मिळाले. तेच वाईट झालं. आधीच हरलो असतो तर सुटलो असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा आला. कौशल्य असो की नशीब, पैशाचे ऑनलाइन खेळ बंद. मोबाइल गप्प झाला, पण डोकं गप्प झालं नव्हतं. चहाच्या टपरीवर भाव सांगणारा एक जण बसायचा. तो मला 'कवी' म्हणायचा. त्यातच मी फुगायचो.

एके रात्री तो म्हणाला, "कवी, तीसचा भाव आहे. घेतोस का?" सहा षटकं राहिलेली, ९५ धावा हव्यात, सात गडी गेलेले. मी हसलो. तो म्हणाला, "८३ साली आपल्याला भाव किती होता माहीत आहे का? सहासष्ट!"

खोटं नव्हतं. १९७५ आणि १९७९ हे दोन विश्वचषक मिळून भारतानं एकच सामना जिंकला होता, पूर्व आफ्रिकेविरुद्ध. १९८३ ला इंग्लंडमधल्या बुकींनी सहासष्टास एक भाव लावला. २५ जूनला लॉर्ड्सवर १८३ धावा करून भारतानं वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं. १९८१ ला लीड्सला फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडला पाचशेचा भाव होता, इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटी पाच हजारास एक होती, तीच फुटबॉलची लीग घेऊन गेली.

ही नावं मला पाठ होती. पण पाठ का होती? कारण ती घडली म्हणून. जे घडलं नाही त्याची यादी कोण ठेवतो? दरवर्षी शेकडो संघ, हजारो घोडे लांब भावावर हरतात. त्यांची नावं टपरीवर कुणी घेत नाही.

मी खिशात हात घातला. तिथं माझे पैसे नव्हते, अंकाचे होते. डोक्यात आलं, साठ हजार! अंकाचं स्वतःचं मशीन. मी स्वतःसाठी लावत नव्हतोच, चळवळीसाठी लावत होतो. बघा, माणूस स्वतःला किती स्वस्तात विकत घेतो.

पहिल्याच षटकात २२ धावा आल्या. भाव तीसवरून बारावर उतरला. तो म्हणाला, "उलट बाजूला लाव आणि सुटून जा. मुद्दल मिळेल, वर दोन हजार तरी राहतील." मी नाही म्हणालो. साठ हजार मनात खर्च करून झाले होते, आता दोन हजार कोण घेणार? संघ २१ धावांनी हरला.

नंतर शांतपणी मी कागदावर मांडलं. छापा-काटा धरा. खरा भाव रुपयाला रुपया. बुकी नव्वद पैसे देतो. दोघांनी शंभर-शंभर लावले, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद, दहा त्याचे. कोण जिंकतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रेसच्या टोटमध्येही तेच. आधी कर आणि क्लबाचा वाटा कापायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. आणि लांब भावावर तर मार जास्त. शंभरात एकदा घडणाऱ्या गोष्टीला तो शंभर देत नाही, चाळीस-पन्नास देतो. घोड्यांच्या शर्यतींचे आकडे तपासणाऱ्यांनी १९४९ पासून हे दाखवलंय की लांब घोड्यावर लावलेला पैसा फेवरिटपेक्षा कमी परत येतो. कारण आमच्यासारखे तिकडंच धावतात. भाव लांब दिसतो म्हणून उदार वाटतो. तिथंच तो सगळ्यात कंजूष असतो.

आज्याला मी एकदा सहासष्टाबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "आरं, त्या सहासष्टावर पैसा लावलेला एकबी गिरणीवाला म्या बघितला न्हाई. लावून गेल्यालं मातूर लई बघितलं."

मी चार डबल पाळ्या केल्या, एका दोस्ताकडून हातउसने घेतले आणि २,००० परत भरले. अंक निघाला. कुणाला काही कळलं नाही. मग आता सांगायचं कशाला?

आमच्या गल्लीत एक मावशी आहे. रस्ते झाडते, ठेकेदाराकडं. वर्गणीला गेलो तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून पन्नास रुपये काढून दिले. मी पावतीपुस्तक उघडलं तर म्हणाली, "पावती कशाला? तू हायेस न्हवं." तिला अक्षर येत नाही. ती आमचा अंक वाचत नाही, तिची पोरगी वाचून दाखवते. तिनं माझ्यावर पन्नास रुपये लावले, भाव न विचारता.

बुद्धानं सिगाल नावाच्या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले, दीघनिकायात आहेत. पैसा जातो, हा त्यातला एक. मला दुसराच टोचला. अशा माणसाचा शब्द सभेत कुणी धरत नाही. आपल्याकडं दुसरं आहे काय? जमीन नाही, बँक नाही. चार माणसांत शब्द चालतो एवढंच आपलं भांडवल. आणि ते मी तीसच्या भावानं लावलं होतं.

रविवारी मी मावशीकडं गेलो. उंबऱ्यातच सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मी म्हणालो, "मावशी, पैसे भरलेत मी परत." तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसला आणि हात पुढं केला.

"पावती दे."

मी पावती फाडून दिली. तिनं ती उलटसुलट बघितली आणि पोरीकडं दिली, "नीट वाच, किती लिवल्यात."

या अंकाच्या शेवटच्या पानावर जमा-खर्च छापला आहे. पुढच्या प्रत्येक अंकात छापू. वही आता माझ्याकडं नाही.