फाईल सर्वांना उघडता आली पाहिजे

आपल्या वस्तीतली मुले आता महाविद्यालयात जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या फीचा, पुस्तकांचा, पासचा हिशेब आपण आईबाप ठेवतो. पण एक खर्च कुणी आधी सांगत नाही. तो म्हणजे संगणकावरच्या फाईलचा.

माझी मुलगी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात जुना, दुसऱ्याने वापरलेला संगणक आहे. त्यावर तिने लिब्रे ऑफिस घेतले. ते फुकट मिळते आणि कायद्याने मिळते, चोरीचे नाही. मराठीचा चाळीस पानी प्रकल्प तिने त्यावर युनिकोडमध्ये टाईप केला. महाविद्यालयातून उत्तर आले, "वर्डचीच फाईल हवी, आणि मराठी आमच्याच फाँटमध्ये हवी." तो फाँट विकतचा. नाहीतर बाहेरून पुन्हा टाईप करून घ्या, पानामागे पैसे मोजा. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला ते पैसे कुठून यायचे?

मुलीने मला त्यातले इंगित समजावून सांगितले. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीला तो मान १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत मिळाला आहे. फाईलच्या प्रकाराचेही तसेच. लिब्रे ऑफिसचा ओडीटी हा प्रकार २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. वर्डच्या डॉकएक्सलाही २००८ साली ती मान्यता मिळाली. लिब्रे ऑफिसमधून डॉकएक्स फाईल काढता येते. मात्र तक्ते आणि पानांची मांडणी कधीकधी हलते, म्हणून ती तपासून द्यावी लागते.

आम्ही दोघे प्राध्यापकांना भेटलो. मुलीने पीडीएफ करून नेली होती. तिच्यात फाँट फाईलच्या आतच बसवता येतो, म्हणून पाने जशीच्या तशी दिसली. प्राध्यापकांनी ती स्वीकारली. मुलीचे काम झाले. पण नियम तसाच राहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची मुलगी त्याच दारात उभी राहील, आणि तिच्यासोबत बोलणारे कुणी नसेल.

येथे मला महाड आठवते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरीही पाणी मिळाले नाही. १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. त्या संग्रामाशी फाईलची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कागदावर दार उघडे आणि उंबरठ्यावर अट, ही रीत आपल्या ओळखीची आहे. प्रवेश सर्वांना, पण प्रकल्प मात्र विकतच्या साधनातूनच द्यायचा, हे न्यायाचे नाही.

म्हणून पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही गोष्टी कराव्यात. मराठी नेहमी युनिकोडमध्येच लिहावी. मूळ फाईल आपल्याजवळ जपावी आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. नुसते वाचायला द्यायचे असेल तर पीडीएफ द्यावी. समोरच्याला दुरुस्ती करायची असेल तर डॉकएक्स द्यावी. आणि वर्ष सुरू होतानाच प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी की, फुकट साधनातून तयार होणारी फाईलही स्वीकारली जाईल, असे सूचनाफलकावर लावा. एकट्याने मागितले तर ती विनंती होते. दहा पालकांनी सह्या करून मागितले तर तिची दखल घ्यावी लागते.

मुलांनी रात्र जागून लिहिलेले शब्द एका फाँटसाठी अडता कामा नयेत. जयभीम.