फ्रान्सच्या खेड्यात दोघांची सायकल

आमच्या घरात पहिली सायकल आली १९७६ साली. आमच्यापैकी एकाने ती दापोडी ते चिंचवड अशी बत्तीस वर्षे कारखान्यात नेली-आणली, आणि दुसरीने रविवारी तिच्या कॅरिअरवर बसून नातेवाइकांची घरे गाठली. २००८ साली रात्रपाळी सुटल्यावर जुन्या मुंबई रस्त्यावर एका ट्रकने मागून धडक दिली. मांडीचे हाड मोडले, सायकलीचा चेंदामेंदा झाला. चूक ट्रकवाल्याची होती, एवढे सिद्ध व्हायला सहा वर्षे गेली. त्या तारखांपायी किती खाडे झाले याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. पाय सुधारला, पण घरात पुन्हा सायकल आली नाही. तो विषयच कुणी काढत नसे.

हे आधी सांगितले, कारण आम्ही मे २०२३ मध्ये फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलवर फिरलो असे म्हटले की वस्तीतल्या लोकांना ती थाप वाटते.

आमची मुलगी तिकडे दिजाँ शहरात प्रयोगशाळेत काम करते. आम्ही महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. एका रविवारी तिने आम्हाला रेल्वेने शालोंला आणि तिथून जवळच्या जिव्री गावाला नेले. तिथे एक लांबलचक सायकल उभी होती. दोन सीटा, दोन हँडल, चार पायडल. तिला टँडम म्हणतात. मुलीने ती भाड्याने घेऊन ठेवली होती, आम्हाला न विचारता. "बाबा, तुम्ही पुढे. आई, तू मागे. इथे मोटार येतच नाही," ती म्हणाली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. रागही आला होता.

पण ती म्हणाली ते खरे होते. जिव्री ते क्लुनी अशी ही वाट चव्वेचाळीस किलोमीटरची आहे. पूर्वी तिथे रेल्वेचा मार्ग होता. गाड्या बंद पडल्या, रूळ काढले, आणि त्याच जागी डांबरी वाट करून १९९७ साली ती फक्त सायकलवाल्यांना व चालणाऱ्यांना खुली केली. अशा वाटेला तिकडे 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट म्हणतात. फ्रान्समधली ही पहिली. रेल्वेला मोठा चढ सोसत नाही, म्हणून वाटही सपाट. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना झेपणारी. एका बाजूला द्राक्षाचे मळे, दुसरीकडे कुरणात पांढऱ्या शुभ्र शारोले जातीच्या गाई. जुनी स्टेशने अजून उभी आहेत, फलाटासकट. एका फलाटावर बसून आम्ही चपाती-भाजी खाल्ली. डबा घरूनच नेला होता, आणि तो फार चांगला निर्णय ठरला, कारण रविवारी दुपारी त्या गावांतून काही विकत मिळणे कठीण.

टँडमची एक गंमत सांगायला हवी. पुढचे आणि मागचे पायडल एकाच साखळीने जोडलेले असतात. पुढचा थांबला की मागचीलाही थांबावे लागते. ब्रेक आणि दिशा पुढच्याच्या हाती. मागचीला समोर दिसते ती फक्त पाठ. संसारावर यावरून पुष्कळ विनोद झाले, ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी आम्ही ब्युसी गावापर्यंत जाऊन परत फिरलो. पुढच्या रविवारी मुलीने हिरवी वाट सोडली. तिच्याजवळ मिशेलिनचा नकाशा होता. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि सर्वांत लहान पांढरे दाखवलेले असतात. "पांढऱ्यावरून जायचे," ती म्हणाली. फ्रान्समध्ये एकूण सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत, आणि त्यांतले सात लाखांच्या आसपास एकेका गावाच्या मालकीचे आहेत. पॅरिसहून ल्योंकडे जाणारी सगळी घाईची वाहतूक शालोंवरून जाणारा मोठा महामार्ग ओढून घेतो. आतल्या पांढऱ्या रस्त्यांवर अर्धा-अर्धा तास कुणी भेटत नाही.

हे रस्ते केले कुणी, असे आम्ही विचारले. मजुराचे डोळे आधी तिकडेच जातात. राजेशाहीत शेतकऱ्यांना मोठ्या रस्त्यांवर वेठीला धरत, एक पै मजुरी न देता. सरदार आणि पाद्री यांना माफी. तुर्गो नावाच्या मंत्र्याने १७७६ साली ही वेठ बंद केली, तर काही महिन्यांत ती पुन्हा सुरू झाली. राज्यक्रांतीत ती गेली. पुढे १८३६ च्या कायद्याने गावरस्ते गावांच्या जबाबदारीवर आले आणि धडधाकट माणसावर वर्षाला जास्तीत जास्त तीन दिवस काम किंवा तेवढे पैसे असा भार बसला. तीही सक्तीच म्हणायची. पण निदान रस्ता स्वतःच्या गावाचा होता.

त्या पांढऱ्या रस्त्यावर, दोन्हीकडे कुंपणाची झाडी, आणि मागून इंजिनाचा आवाज आला.

पायडल थांबले. एकदम. मागे बसलेलीने पाय रेटून पाहिले, पण ते हलेनात. पुढे पाठ ताठ झाली होती, खांदे कानापर्यंत चढले होते. पंधरा वर्षे एका घरात राहून जे बोलण्यात आले नव्हते ते तिला त्या पायडलवरून कळले. सायकल डगमगली, आम्ही कडेच्या गवतात पाय टेकले. मागे मोटार होती. ती थांबून राहिली. हॉर्न नाही, शिवी नाही. आम्ही पुन्हा चालू लागलो तरी ती हळूहळू मागेच. रस्ता रुंद झाल्यावर पलीकडची बाजू घेऊन, आमच्यापासून चांगली लांबून गेली. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने हात केला.

मुलगी म्हणाली, तो काही देवमाणूस नव्हे, तसा नियमच आहे. गावाबाहेर सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर ठेवावे लागते, वस्तीत एक मीटर. मग तिने दुसरे सांगितले ते आमच्या जिव्हारी लागले. १९८५ साली रोबेर बादँतेर न्यायमंत्री असताना एक कायदा झाला. फाशीची शिक्षा १९८१ साली रद्द करवून घेणारे हेच मंत्री. या कायद्याने, सायकलवाला किंवा पायी चालणारा मोटारीने जखमी झाला तर त्याच्या शारीरिक इजेची भरपाई मोटारीच्या विमा कंपनीने द्यायची. त्याची स्वतःची थोडीफार चूक असली तरी ती थांबत नाही. चूक अक्षम्य आणि अपघाताचे एकमेव कारण असेल तरच थांबते. रकमेचा प्रस्तावही आठ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. आठ महिने! आम्ही दोघांनी मनात सहा वर्षांचे महिने मोजले.

दुपारी पाणी संपले. मुलगी आम्हाला घेऊन गेली ती थेट दफनभूमीत. खेड्यापाड्यांत फिरणारे सायकलवाले तिथल्याच नळावर बाटल्या भरतात, कारण कबरीवरच्या फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. आम्ही फाटकाशी थबकलो. कुणाला विचारायचे? पाण्याला हात लावण्याआधी विचारायचे ही आमच्या आज्यांची सवय, तिचा काही अंश आमच्यात उरला असावा. "विचारायचे नसते, फक्त पाटी वाचायची," मुलगी म्हणाली. 'ओ पोताब्ल' लिहिले असेल तर पिण्याचे, 'ओ नाँ पोताब्ल' असेल तर नाही. तिथे पाटी नव्हती. एक म्हातारी बाई फुलांना पाणी घालत होत्या. त्यांनीच मान हलवून होकार दिला.

त्यांच्याशी मुलीमार्फत बोललो. लहानपणी आगगाडी यायची, म्हणाल्या. शाळा होती, दुकान होते. आता पाववाल्याची गाडी येते तेवढीच. मुलगा ल्योंला. "तुम्हाला इथली शांतता आवडते, मला तिचा कंटाळा येतो." हे ऐकून आम्ही जरा ओशाळलो. ज्या वाटेचे आम्ही कौतुक करत होतो ती त्यांची आगगाडी होती. गाडीशिवाय या गावांत राहणे अशक्य, म्हणून तर २०१८ साली इंधनावरच्या करावरून पिवळी जाकिटे घालून लोक चौकाचौकांत उतरले. सायकल ही पाहुण्याची चैन आहे, हेही तिथे कळले.

पण ती नेहमी पाहुण्याची नव्हती. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रेंच कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले, लेआँ ब्लूम यांचे सरकार आले आणि जूनमध्ये वर्षाला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. कामगारांना रेल्वेचे सवलतीचे तिकीट मिळाले. तरी कितीतरी नवराबायको सामान बांधून टँडमवरच निघाले. मुलीने त्यांचे जुने फोटो दाखवले. आपल्याकडे कारखान्यातल्या पगारी रजेचे विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४४ साली मांडले. ती रजा आम्ही बत्तीस वर्षे घेतली. लग्ने, आजारपणे, गावच्या घराचे पत्रे यांत ती गेली. नुसते फिरायला म्हणून एक दिवसही नाही. घेतली असती तर कुणी अडवले नसते.

त्या संध्याकाळी कोर्माताँच्या अलीकडे पुन्हा मागून एक ट्रॅक्टर आला. पायडल मंदावले, पण थांबले नाहीत.

आता दापोडीवरून मेट्रो धावते आणि खालच्या रस्त्यावर सायकल घालायची हिंमत तरुणही करत नाहीत. तरी आमच्यापैकी एकाने जुन्या बाजारातून एक सायकल आणली आहे. रविवारी पहाटे साडेपाचला वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांतून तीन फेऱ्या, मोठ्या रस्त्याला लागायचे नाही. दुसरीने कॅरिअरवर बसायला साफ नकार दिला आहे. तिला चालवायला शिकायचे आहे.