रुपेरी निलगिरी आणि लखनौचा पाऊस

पुणे, 8 सप्टेंबर

चि. मुक्तास,


गोमतीनगरच्या घरी सिल्व्हर डॉलर निलगिरीचं रोप आणलंस आणि ते फाटकाशी जमिनीत लावणार आहेस, हे वाचलं. जरा थांब. लखनौतला माझा संसार जुना झाला, पण तिथला पाऊस नि माती मी विसरलेली नाही.

माळ्याला विचारलंस तर तो ‘लिप्टिस’ (म्हणजे युकॅलिप्टस) म्हणत कालव्याकाठची उंच झाडं दाखवील. त्यांची खोडं पांढरट, पानं हिरवी. सामाजिक वनीकरणाच्या लाटेत उत्तर प्रदेशात बांधाबांधावर लागली ती ही. आपल्या नाशिककडे विनायकराव पाटलांनी शेतकऱ्यांकडून निलगिरीच लावून घेतली होती. ती पाणी पिते म्हणून पुढे शिव्याही खूप खाल्ल्या. बांधालगतच्या गव्हाच्या ओळी ती खुरटवते हे खरं, पण मला विचारशील तर दोष झाडाचा नाही, ते लावणाऱ्याचा.

तुझं झाड वेगळं, युकॅलिप्टस सिनेरिया. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या थंड पठारांवरचं. पानांवरची चांदी म्हणजे मेणाचा पातळ थर. बोटाने पुसून बघ, खाली हिरवं निघेल. (एकाच पानावर बघ, पुसलेलं मेण सहसा परत येत नाही.) ऊन परतवायला आणि पानातलं पाणी राखायला झाडाने केलेली ही सोय. गोल, बिनदेठाची, समोरासमोर जोडीने येणारी ही पानं झाडाच्या बालपणीची. उटीच्या निलगिरीचीही कोवळी रोपं अशीच रुपेरी असतात. मोठी झाली की पानं कोयत्यासारखी लांब, हिरवी होतात. सिनेरियाचं बालपण जास्त टिकतं, तरी कायमचं नाही. फुलवाले गुच्छांत घालतात त्या फांद्या छाटून छाटून लहान ठेवलेल्या झाडांच्या असतात. तूही दर फेब्रुवारीत निर्दयपणे छाट. बुंध्याशी गाठ असते, तिथून ते पुन्हा फुटतं.

आता लखनौचं. सगळे तुला लूची, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्याची, भीती घालतील. मे-जूनमध्ये पारा 45च्या आसपास जातो, पण मुळं नीट धरलेली असली तर कोरडी झळ हे झाड बरीच सोसतं. जानेवारीच्या थंडीचंही त्याला काही वाटत नाही, माहेरी ते हिमतुषार झेलतं. त्याला मारतो तो जुलै-ऑगस्ट. माहेरी पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. लखनौत बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, रात्रीही उकाडा हटत नाही. गंगेच्या खोऱ्यातली बारीक गाळाची माती चिंब होऊन बसते आणि मुळं हवेविना कुजतात. पानं मलूल दिसली की माणूस आणखी पाणी घालतो, आणि खेळ संपतो.

शिवाय लखनौच्या आसपास ऊसर, म्हणजे खारवट-चोपण जमीन पुष्कळ. तुझ्या सिकंदरबागेतल्या वनस्पती संशोधन संस्थेने बंथऱ्याला अशाच जमिनीवर केंद्र काढलं. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर तेच समज. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं, म्हणून पावसाचं पाणी साठवून घालत जा.

तेव्हा रोप कुंडीतच ठेव. मोठी मातीची कुंडी घे, तळाला भोकं हवीत. दोन भाग माती, दोन भाग मौरंग (जाडसर वाळू), एक भाग पालापाचोळ्याचं खत. मौरंग बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळेल. गोमतीची बारीक बालू चालणार नाही, ती घट्ट बसते. कुंडी आत्ता बदलू नकोस, ऑक्टोबर लागू दे. हिवाळाभर मुळं स्थिरावतील. गच्चीवर दिवसभर ऊन लागेल अशी ठेव, खाली दोन विटा घाल, आणि पावसाळ्यात छपराखाली सरकव. बोटभर माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. खताची घाई नको, भराभर वाढलेल्या फांद्या लुळ्या पडतात.

एवढं करूनही दोन पावसाळे काढले तर मी त्याला शाबासकी देईन. फाटकाशी मात्र पारिजातक लाव. तिकडे त्याला हरसिंगार म्हणतात, कुठल्याही नर्सरीत मिळतो.

तुझी,
आत्या