तोंडवलीहून दुबई किती लांब?

आमच्या तोंडवली-आचरा पट्ट्यातील अनेक घरांतला एखादा मुलगा किंवा सून आखातात नोकरीला आहे. पावसाळा ओसरला की त्यांचे आईवडील प्रकृती दाखवण्यासाठी दवाखान्यात येतात, आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते : "डॉक्टरांनू, तीनच तास तर बसाचा आसा!"

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर, आणि उड्डाण सव्वातीन तासांच्या आसपास. हिशेब खोटा नाही. पण तो विमानाचा आहे, माणसाचा नव्हे. घरातून कणकवली स्थानक, रात्रभर रेल्वे, मुंबईत टॅक्सी, उड्डाणापूर्वी तीन तास विमानतळावर, उतरल्यावर पुन्हा रांग. वीस तास सहज होतात, आणि त्यातले बहुतेक पाय लोंबकळत ठेवून.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तो मुळात अल्प असतो, हेही खरे. मात्र हा नियम रेल्वे, बस आणि मोटारीलाही लागू आहे, हे आपण विसरतो. शिवाय विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचे शिखरही जेमतेम ५,४०० फूट! समुद्रसपाटीवर आयुष्य काढलेल्या दुबळ्या हृदयाला हा फरक जाणवतो.

परंतु मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एका सत्तरी ओलांडलेल्या आजींनी प्रवासात शौचालयाची अडचण नको म्हणून आदल्या दिवसापासून पाणी तोडले आणि हृदयविकारासाठी दिलेली लघवीची गोळीही बंद केली. घरात कोणालाच पत्ता नव्हता. दुबईला पोहोचल्या तेव्हा पाय सुजलेले, धाप लागलेली; पहिले दोन दिवस नातवाऐवजी रुग्णालय पाहावे लागले. आपल्याकडच्या स्त्रिया हे संकोचाने बोलत नाहीत; म्हणून सुनेने वा लेकीने स्पष्ट विचारावे. मार्गिकेलगतचे आसन मागावे, चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच नोंदवावी. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारून बदलावी, बंद करू नये.

इन्सुलिन व रोजची औषधे हातातल्या पिशवीतच हवीत. सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते. ट्रामाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांवर अमिरातींत कडक निर्बंध आहेत. चिठ्ठी सोबत ठेवावी आणि आधी चौकशी करावी. दुबईचे घड्याळ दीड तास मागे. एवढ्या फरकाने गोळ्यांचे वेळापत्रक सहसा बिघडत नाही.

त्याच आजी यंदा पुन्हा निघाल्या आहेत. या खेपेस मुंबईत उतरून दोन रात्री डोंबिवलीला नणंदेकडे राहणार आहेत. मुलाला ते दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. मी मात्र चिठ्ठीवर औषधांच्या वर तेच लिहून दिले आहे.