वर कोरडे, खाली ओले

आहुप्यात जुलै महिन्यात ऊन मागूनही मिळत नाही. आंबेगाव तालुक्याचे हे अगदी टोकाचे गाव. पुढे सह्याद्रीचा कडा आणि कड्याखाली कोकण. धुके एकदा घरात शिरले की अंथरूण, वह्या, मीठ, सगळे दमट होते. नोकरीच्या निमित्ताने मी इथे एका महादेव कोळी कुटुंबाच्या घरात भाड्याने राहते. गेल्या जूनमध्ये घरमालकीण मावशींनी आणि मी भागीत पन्नास पिल्ले आणली. निम्मे पैसे माझ्या पगारातले होते, मावशींचे निम्मे हिरडा गोळा करून आलेले. माझे बुडाले असते तर महिनाभर हात आखडला असता. त्यांचे बुडणे म्हणजे अख्ख्या हंगामाची मेहनत बुडणे होते.

पहिले तीन आठवडे बरे गेले. पडवीत भाताचे तूस पसरून गादी केली, बल्बची ऊब दिली, सातव्या दिवशी लासोटाची लस डोळ्यांत थेंब टाकून दिली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी पाच पिल्ले पिसे फुगवून, पंख गाळून कोपऱ्यात बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दोन मेली. शेजारच्यांनी पाहताक्षणी सांगितले, "मानमोडी आली, आता काय राहत नाही." मी घाईघाईने पाण्यात जीवनसत्त्वांचे टॉनिक घातले, मावशींनी लसूण ठेचून दिला. आणखी दोन दिवसांत सहा गेली.

जुन्नरला घरी फोन केला, तेव्हा सल्ला आला, "मरायच्या आत जबह करून टाक, निदान हराम तरी होणार नाहीत." आपल्याकडे हे सर्रास चालते. पण जबह केल्याने रोग जात नाही आणि पोटात गेलेले औषधही निघत नाही. कुरआनात खाण्याबद्दल हलालच्या जोडीने तय्यिब हा शब्द आला आहे. आपण पहिला शब्द लक्षात ठेवतो आणि दुसरा सोयीने विसरतो.

शाळेत मुलांना मी रोज सांगते, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. घरात मात्र निष्कर्ष शेजाऱ्यांचा आणि औषध माझ्या अंदाजाचे. त्या रात्री मावशींनी पिल्लांखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली. सकाळी कागदावर सगळे स्पष्ट दिसले. शिटेवरचा पांढरा थर नेहमीचा, ती कोंबडीची लघवी. मधूनमधून पडणारी चॉकलेटी, चिकट, उग्र वासाची शीटही रोग नव्हे, ती आंधळ्या आतड्यातून येते. पण पाच-सहा ठिकाणी चक्क लाल रक्त होते.

टेकाडावर चढून रेंज मिळवली आणि पशुवैद्यकांना फोन लावला. त्यांनी विचारले, "मान वाकडी होते का? तोंड उघडून श्वास घेतात का? हिरवी पातळ शीट आहे का?" तिन्हींना उत्तर नाही. "वय किती? खाली काय आहे?" मग म्हणाले, "ताजी मेलेली दोन पिल्ले पिशवीत बांधून घेऊन या." त्यांनी पोट उघडून दाखवले. दोन्ही आंधळी आतडी रक्ताने टम्म भरलेली. रोग मानमोडी नव्हता, रक्ती हगवण होती, म्हणजे कॉक्सिडिओसिस.

हा रोग करणारा जीव एका पेशीचा, नाव आयमेरिया. आजारी पिल्लाच्या शिटेतून तो टणक कवचात बाहेर पडतो. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते कवच रोग पसरवायला तयार होते; दुसरी पिल्ले तूस चोचीने उकरताना ते गिळतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना धोका जास्त. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला अँप्रोलियम दिले आणि माझे टॉनिक बंद करायला सांगितले, कारण त्यातले बी-वन जीवनसत्त्व या औषधाचा गुण कमी करते. म्हणजे मी ज्याला उपाय समजत होते, तो औषधाच्या आड आला असता. निघताना त्यांनी विचारले, "गादीत हात घालून पाहिलाय का कधी?"

घरी येऊन हात घातला. वरचे तूस कोरडे होते, कारण आम्ही रोज सकाळी ताजे पसरत होतो. चार बोटे खाली गेल्यावर ते ओले, गोळे झालेले, नाकात झणझणणारे. मला लहानपणापासून ऐकलेली हदीस आठवली. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. फसवणारा आपल्यातला नाही, असेही सांगितले.

त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर एक कोंबडीवाला आला. बेचाळीस पिल्ले उरली होती, त्यातली तीसेक धडधाकट दिसत होती. अर्ध्या भावात सगळी उचलतो म्हणाला. मावशींचे हिरड्याचे पैसे तरी सुटले असते. 'हो' माझ्या ओठांवर आला होता. पण ही पिल्ले बाजारातून कुणाच्या तरी अंगणात जाणार आणि तिथली पिल्लेही आजारी पडणार. मी त्याला रोगाचे नाव सांगितले. तो निघून गेला. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भिजल्याल्या भातावर वाळल्यालं टाकून आम्ही बी कधी इकलं नाय, बाई." हदीस मी त्यांना सांगितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळे तूस काढून चुना टाकून खड्ड्यात पुरले. जमिनीवर चुना मारला, बांबूच्या पट्ट्यांची उंच जाळी केली, म्हणजे शीट खाली पडेल. पाण्याचे भांडे विटेवर ठेवले. आणखी सात पिल्ले गेली, पस्तीस वाचली.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा धास्ती बसली. तलंगा पोटभर खात होत्या, पण छातीचे हाड हाताला टोचत होते. या वेळी आधी कागद अंथरला. शिटेत पांढरे, दोऱ्यासारखे लांब जंत दिसले. डॉक्टरांनी पायपेराझिन दिले. त्याने मोठे जंत मरतात, आतड्यातली पिलावळ उरते आणि अंगणातल्या मातीत अंडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा डोस द्यावा लागला. शिटेत तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर ते चपटे जंत, त्यांना हे औषध चालत नाही.

दिवाळीला वीस पक्षी विकले. जंताचे औषध कधी दिले, हे प्रत्येकाला सांगितले; डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय एकही दिला नाही. नफा झाला नाही, पण मावशींचे पैसे पुरे परत आले. उरलेल्या पंधरा अजून अंगणात आहेत.

ज्या बहिणी परसात चार कोंबड्या पाळतात, त्यांना एवढेच सांगते. सकाळी पिल्ले मोजा, शीट पाहा, गादीत हात घाला. औषध त्यानंतर. मुका जीव आपल्याकडे अमानत असतो, आणि काय दुखते ते तो त्याच्या भाषेत रोज सांगत असतो.