मेढीचे सव्वाशे रुपये

माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, हिशोबाच्या वह्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या असायच्या. दादा गेल्यावर ते गाठोडं मी सोडलं आणि 1997 च्या वहीत मामांच्या पानावर थांबलो. पाडव्याला ठरलेलं साल, वर्षाची ज्वारी, दोन धोतरं, चपलेचा जोड, पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल. सगळं दादांच्या रेखीव अक्षरात, मामांच्या नावे. त्यातच कार्तिकातली एक ओळ होती : 'गोठ्याची मेढ मोडली, रु. 125.'

ती मेढ मामांनी मोडली नव्हती. मी मोडली होती.

मामा आमचे सालगडी. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. लोह्याहून नांदेड-लातूर रस्ता सोडून आत गेलं की आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, लागतो. आमच्या भागात सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्यालाच संपतं. उचल फिटली तर माणूस मोकळा, नाही फिटली तर पुढचं साल त्याच दारात. मामांची उचल कधी पुरती फिटली नाही. त्यामुळं लहानपणापासून मी एकच ऐकत आलो होतो, की मामा आमचं देणं लागतात.

अठरा पूर्ण झाल्यावर मी ट्रॅक्टरचं लायसन्स काढलं. पुढं चालवायला दोन दिवसांत आलं. ट्रॉली जोडून मागं घ्यायला मात्र दोन महिने गेले. ट्रॉली हुकातल्या पिनवर फिरते. मागं येताना स्टेअरिंग उजवीकडं वळवलं की ट्रॅक्टरचा हुक उजवीकडं सरकतो आणि ट्रॉलीचं बूड डावीकडं जातं. डोक्याला एक कळतं, हात दुसरंच करतात. जरा उशीर झाला की ट्रॉली दुमडते आणि ट्रॅक्टरचं मोठं चाक तिच्या दांडीला भिडतं.

मामांनी मला ज्वारी काढलेल्या रानात नेलं. धसकटांत कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या केल्या. ट्रॉली त्यांच्या मधून मागं जायला पाहिजे. पहिल्या दिवशी मी दोन्ही पेंढ्या सात-आठ वेळा चिरडल्या. मामा दर वेळी त्या झटकून पुन्हा उभ्या करायचे. मग ते मडगार्डवर येऊन बसले आणि माझा हात स्टेअरिंगच्या वरून काढून खाली ठेवला.

"हितं धर. आता हात जिकडं, ट्रॉली तिकडं. उलसंच फिरव. ती वळायली म्हणलं की लगेच हात उलटा घे, तिच्या मागं जा. आन चुकलं वाटलं तर पुढं घे. पुढं घेतल्यानं कुणी लहान होत नाही."

मामा खाली, जमिनीवर असले की मला 'भाऊ, तुम्ही' म्हणत. मालकाच्या पोराला तसंच म्हणायची रीत होती. मडगार्डवर बसले की 'तू' म्हणत. इंजिन बंद करून खाली उतरलं की पुन्हा 'तुम्ही'. त्या वयात मला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं, शिकवण्यापुरतं ते मला आपलं पोर करून घेत होते.

मेढ मोडली ती एका संध्याकाळी. मामा बैलांना पाणी दाखवायला गेले होते. मी एकट्यानंच ट्रॉली गोठ्याच्या कडेला लावायला घेतली. मी उजव्या खांद्यावरून मागं बघत होतो, डावा कोपरा दिसत नव्हता. कडाडकन आवाज झाला. मेढ मधोमध मोडली, पत्रे एका बाजूनं खाली आले, गायींनी दावी ताणली. दादा धावत आले. माझं तोंड उघडण्याआधी मामा पुढं झाले होते. "मालक, माझ्या हातून झालं."

दादा दुष्ट नव्हते. हिशोबाला पक्के होते. ज्याच्या हातून नुकसान, त्याच्या नावे नोंद. रात्री कंदिलाजवळ बसून ते वही लिहीत होते. मी समोर जेवत होतो आणि गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी मला उठवलं. नवी मेढ अजून यायची होती. त्याच गोठ्यापाशी, त्याच कोपऱ्यावर त्यांनी ट्रॅक्टर उभा केला होता. "काल जिथं चुकलं, तिथंच लावा." ते ट्रॉलीच्या मागं उभे राहिले आणि फाळक्यावर थापा मारू लागले. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. दिसत नसलेला डावा कोपरा मी त्या थापांवरून बघायला शिकलो. लावून झाल्यावर त्यांनी चाकाला दगड दिला. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी कमजोर होती. म्हणून तोंड उताराला ठेवायचं, सकाळी दगड काढून गाडी घरंगळत सोडायची आणि गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरायचं. लावतानाच उद्या निघायचं कसं ते बघावं, हेही त्यांचंच शिकवणं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आम्ही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ट्रॉली नेली. आमच्या भागात यात्रेचं घर म्हणजे ट्रॉलीच. तळाला कडबा, वर सतरंज्या आणि वाकळा, बांबूच्या कमानींवर ताडपत्री. बायका-पोरं आत झोपत, गडीमाणसं ट्रॉलीखाली. वारा अडेल अशा बाजूला तीन दगडांची चूल, तव्यावर भाकरी, निखाऱ्यात भरताची वांगी. वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते, तिच्या आदल्या रात्री माळावर पाय ठेवायला जागा नसते. घोडे, गाढवं, उंट, भटक्या जमातींची पालं, पालांचे ताणलेले दोर आणि त्या दोरांमधून पळणारी लेकरं.

आम्हाला जागा मिळाली ती दोन पालांच्या मधली, जेमतेम ट्रॉलीएवढी. स्टेअरिंगवर दादा बसणार होते. मामा त्यांना हळूच म्हणाले, "मालक, भाऊंना लावू द्या." आणि ते मागं जाऊन उभे राहिले. अंधारात मला ना पाल दिसत होतं, ना दोर. ऐकू येत होत्या फक्त थापा. दोन. दोन. एक. थोडं पुढं घेतलं, ट्रॉली सरळ केली, पुन्हा मागं. दोन. दोन. एक. एकाही दोराला धक्का न लागता ट्रॉली बसली. मामांनी चाकाला दगड दिला आणि माझ्याकडं न बघता चुलीला दगड शोधायला गेले.

तेव्हापासून ऊस, कापूस, हळद, काय काय भरून मी मागं घेतलं असेल त्याची गणती नाही. अरुंद गल्लीत, अडत्याच्या दारात, चिखलात. प्रत्येक वेळी हात स्टेअरिंगच्या खालीच जातो. या हाताची मजुरी दादांच्या कुठल्याच वहीत नाही. एका माणसाचं देणं पै-पैनं लिहिणाऱ्या आमच्या घरानं त्याचं येणं लिहायला एक ओळही ठेवली नव्हती.

मी ती नोंद मामांच्या पानावरून खोडली. कोऱ्या पानावर माझं नाव घातलं आणि खाली लिहिलं : 'गोठ्याची मेढ मोडली, रु. 125.' जमेची बाजू रिकामी ठेवली आहे. पैसे भरून ती भरणार नाही, हे मला कळतं.

मग वही घेऊन मामांच्या गावी गेलो. आता त्यांना नीट दिसत नाही. ते ओट्यावर बसले होते, मीही खाली त्यांच्याजवळ बसलो. दोन्ही पानं वाचून दाखवली आणि तेव्हा गप्प राहिलो त्याची माफी मागितली. त्यांनी चाचपत माझा हात धरला, मनगटापासून बोटांपर्यंत हात फिरवला.

"वाळवी लागलेली मेढ होती ती," ते म्हणाले. "तू नसती पाडलीस तर वाऱ्यानं पाडली असती."

जमिनीवर बसून त्यांनी मला 'तू' म्हटलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.